लाओवा १५ मिमी एफ/४ मॅक्रो: सड्यावरचं फूल आणि मागचा समुद्र एकाच फोटोत हवा असेल तर

पावसाळ्यात कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या कातळाच्या सपाट माळांवर, फुलांचे फोटो काढणाऱ्यांची अडचण जुनीच आहे. शंभर मिमीची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठं टिपणारी लेन्स, लावली तर फूल झकास येतं, पण ते माडबनच्या कातळावरचं आहे की ठाण्यातल्या गॅलरीतल्या कुंडीतलं, हे फोटोवरून कळत नाही. १६-३५ मिमीची वाइड, म्हणजे रुंद कोनाची, झूम लावली तर कातळ, समुद्र, ढग सगळं येतं, फूल मात्र ठिपक्याएवढं राहतं. बहुतेक वाइड झूम २५-२८ सेंमीच्या आत फोकस होत नाहीत आणि सीतेच्या आसवांचं फूल जेमतेम सेंटिमीटरभर. गणित तिथेच फसतं.

चीनच्या व्हीनस ऑप्टिक्सने २०१५ मध्ये लाओवा या नावाने बाजारात आणलेली १५ मिमी एफ/४ नेमकी या फटीत बसते. फुल फ्रेमवर (३६ × २४ मिमीच्या सेन्सरवर) ११० अंशांचा कोन, १:१ पर्यंत मॅग्निफिकेशन (म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी), सेन्सरपासून १२.२ सेंमीवर फोकस, ७७ मिमीचा फिल्टर, ४१० ग्रॅमच्या आसपास वजन, १४ पात्यांचं अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) आणि शिवाय ६ मिमी शिफ्ट, म्हणजे लेन्स सेन्सरच्या मध्यापासून सरकवण्याची सोय. ऑटोफोकस नाही. कॅमेऱ्याशी बोलणारे इलेक्ट्रॉनिक पिनही नाहीत. अ‍ॅपर्चर लेन्सवरची रिंग फिरवून लावायचं.

लेन्स चांगली आहे. पण ज्या आकड्यावर ती विकली जाते तो १:१ चा आकडा या कामात जवळपास निरुपयोगी आहे. ती घ्यायची तर दुसऱ्याच कारणासाठी.

१:१ ला फूल पुढच्या काचेपासून ४.७ मिमीवर येतं. मिलिमीटर, सेंटिमीटर नव्हे. ८४ मिमी व्यासाचं धातूचं नळकांडं फुलाच्या एवढं जवळ आलं की फुलावर उजेड पडायला जागाच उरत नाही. ढगाळ दिवशीसुद्धा लेन्सची सावली पडते. दवबिंदूच्या, म्हणजे ड्रॉसेराच्या, चिकट केसांना काच टेकते आणि मग काच पुसण्यात वेळ जातो. फिल्टर लावलेला असेल तर त्याची कडच फुलाला आधी लागते, म्हणजे १:१ गाठणं अवघड होतं. शिवाय इतक्या जवळून मागचा समुद्र हा नुसता निळसर-करडा पट्टा होतो, आणि तो समुद्रच दिसावा म्हणून तर ही लेन्स घेतली.

खरी मजा आहे ती फूल काचेपासून ८ ते १५ सेंमीवर असताना. १० सेंमीला मॅग्निफिकेशन साधारण १:६ ते १:७ पडतं. म्हणजे फुलाच्या पातळीवर फ्रेमची रुंदी सुमारे २३ सेंमी. मर्यादवेलीचं पाच सेंमीचं फूल फ्रेमचा पाचवा हिस्सा भरतं, तेरड्याचं तीन सेंमीचं फूल आठवा. सीतेची आसवं एकेकटी असतील तर एवढ्यावरही ती चिमुकलीच दिसतात. ती दाट ताटव्याने घ्यावीत, किंवा काच फुलापासून ५ सेंमीपर्यंत न्यावी. त्याच्या आत जाऊ नये.

या अंतरावर मागचं क्षितिज किती धूसर होतं, हे आधी माहीत असलेलं बरं. एफ/११ ला (एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान) क्षितिजावरच्या एका ठिपक्याचा पसरट गोल सेन्सरवर ०.२ मिमीचा होतो, म्हणजे फ्रेमच्या रुंदीचा सुमारे १७० वा भाग. समुद्र, किनारा, होडी ओळखू येते, कडा मऊ राहतात. एफ/१६ ला हा गोल सुमारे २५० वा भाग होतो. मोबाइलच्या पडद्यावर बघणाऱ्याला तो जाणवतही नाही. भिंतीवर लावायची दीड-दोन फुटी प्रिंट असेल तर जाणवतो. एफ/२२ आणि एफ/३२ रिंगवर आहेत म्हणून वापरू नयेत, डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड पसरल्यामुळे, पाकळीच्या शिरासुद्धा मऊ पडतात. एफ/४ ला कोपरे काळवंडतात आणि ढिले असतात. कामाचा पट्टा एफ/८ ते एफ/१६ एवढाच.

क्षितिज, फूल आणि कॅमेऱ्याची उंची

वाइड लेन्स जमिनीजवळ नेली की एक नियम पक्का लक्षात ठेवावा. क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर असतं. फुलाचा जेवढा भाग लेन्सच्या मध्यापेक्षा उंच, तेवढाच आभाळावर दिसणार. बाकीचा समुद्रावर किंवा कातळावर. म्हणून कॅमेरा पाच सेंमी वर-खाली केला की फोटोच बदलतो. सर्वात वाईट अवस्था म्हणजे क्षितिजाची रेघ फुलाच्या बरोबर मानेतून जाणं, देठ समुद्रात आणि डोकं आभाळात. एक तर फूल पूर्ण खाली ठेवा, नाहीतर कॅमेरा इतका खाली न्या की निदान अर्धा देठ आभाळावर येईल.

सड्यावरच्या गोल बोंडांच्या गेंदाची उंची बऱ्याचदा बोटाएवढीच असते. कॅमेरा थेट कातळावर टेकवला तरी लेन्सचा मध्य जमिनीपासून पाचेक सेंमीवर राहतो. त्याहून खाली जायचं तर कातळातला खड्डा किंवा पायरीसारखी कड शोधावी लागते. जांभ्यात अशा जागा भरपूर असतात. ट्रायपॉडच्या ऐवजी वाळू किंवा तांदूळ भरलेली छोटी पिशवी घ्यावी. बहुतेक ट्रायपॉड एवढे खाली जातच नाहीत, आणि ज्यांचे पाय पूर्ण फाकतात ते तीन ठिकाणी झाडं चिरडतात. सड्यावरची माती दोन-चार बोटं जाड असते, एकदा उखडली की वाहून जाते. आडवं व्हायचं ते उघड्या कातळावर, ताटव्यात नाही. आणि बारसू, देवीहसोळसारख्या सड्यांवर तो उघडा कातळ म्हणजे कातळशिल्पही असू शकतं. कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. त्यांच्या रेषांवर बॅग ठेवून फुलाचा फोटो काढणारे दिसतात, तेव्हा काय बोलावं कळत नाही.

आता या लेन्सचा एक दोष, जो परीक्षणांमध्ये फारसा येत नाही. सरळ रेषा सरळ ठेवणारी कुठलीही एवढी वाइड लेन्स कडेच्या गोल वस्तू बाहेरच्या बाजूला ताणते. सपाट फुलाचं तोंड सेन्सरला समांतर असेल तर तो ताण दिसत नाही. गेंद मात्र गोळा आहे. फ्रेमच्या डाव्या-उजव्या कडेला गेंदाचं बोंड सुमारे दीडपट लांब होऊन अंड्यासारखं दिसतं. मधल्या अर्ध्या रुंदीत हे ताणणं १७ टक्क्यांच्या आत राहतं. म्हणून गेंदाचा ताटवा असेल तेव्हा मोठी, जवळची बोंडं मध्याकडे ठेवा आणि कडांना गवत, कातळ, पाण्याचं डबकं येऊ द्या. हे नंतर एडिटिंगमध्ये सुधारायला गेलात तर क्षितिज वाकतं.

उजेडाचं कोडं कोकणात वेगळंच आहे, कारण समुद्र पश्चिमेला. समुद्राकडे तोंड केलं की सकाळचं ऊन पाठीमागून येतं आणि दहा सेंमीवरच्या फुलावर लेन्सचीच सावली पडते. संध्याकाळी ऊन समोरून येतं, पाकळ्या आतून उजळतात; पण पुळणीवरची मर्यादवेल तोवर मिटलेली असते. तिची फुलं सकाळी उमलतात आणि दुपारनंतर मान टाकतात. म्हणजे मर्यादवेल आणि समुद्र हा फोटो या लेन्सने काढायचा तर सूर्य जरा वर आल्यावर, किनाऱ्याला तिरकं म्हणजे उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड करून, सावली बाजूला पडेल असा. किंवा सरळ ढगाळ दिवस. सड्यावरची बरीच फुलं दिवसभर उघडी असतात, तिथे संध्याकाळ वापरता येते. सूर्य थेट फ्रेममध्ये घेतला तर फ्लेअरचे ठिपके येतात आणि नेमके गडद कातळावर येऊन बसतात. सूर्य पाकळीच्या कडेआड अर्धा लपवला की ते कमी होतात, आणि एफ/१६ ला १४ पात्यांमुळे १४ टोकांचा तारा मिळतो. तारा छान येतो, पण प्रत्येक फोटोत नको.

शिफ्टबद्दल थोडक्यात. फुल फ्रेमवर लेन्स जरा सरकवली की कोपरे काळे पडू लागतात, तिथे तिच्यावर भिस्त ठेवू नये. एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, सेन्सरवर मात्र ही सोय खरोखर उपयोगी आहे. तिथे १५ मिमी म्हणजे २२-२४ मिमीसारखा कोन मिळतो. पुढची जमीन जास्त हवी म्हणून कॅमेरा खाली झुकवला की दीपगृह, माड, सुरू सगळे बाहेर कलंडतात. त्याऐवजी कॅमेरा पाणसळीत ठेवा आणि लेन्स खाली सरकवा. क्षितिज मध्यावरून वरच्या तृतीयांशावर न्यायला साधारण अडीच मिमी पुरतात. सरकणं एकाच रेषेत आहे. कॅमेरा उभा धरला की ते डावं-उजवं होतं.

जागेवरची सेटिंग

पहिल्यांदा लावल्यावर कॅमेरा शटरच उघडत नाही, अशी तक्रार हमखास येते. मेनूत "लेन्स नसतानाही शटर चालू" अशा अर्थाचं सेटिंग असतं, ते सुरू करावं लागतं. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई) असेल तर फोकल लेंग्थ हाताने १५ टाका. आधीच्या जुन्या लेन्सचे ५० किंवा १३५ राहून गेले तर कॅमेरा चुकीच्या मापाने हलतो आणि फोटो उलट बिघडतो.

फोकसची रिंग विचित्र आहे. तिचा बहुतेक फेर मॅक्रोच्या जवळच्या अंतरांवर खर्च होतो आणि साधारण फूटभरापासून अनंतापर्यंतचा सगळा प्रवास बोटभर फेरात संपतो. जवळचं फूल त्यामुळे अगदी नेमकं धरता येतं, पण समुद्रावर फोकस करताना रिंग केसभर हलली की क्षितिज मऊ. पीकिंगच्या, म्हणजे फोकसमधला भाग दाखवायला कॅमेरा रंगवतो त्या, कडांवर विश्वास ठेवू नका. एवढ्या वाइड लेन्सवर एफ/११ ला सगळंच फोकसमध्ये असल्यासारखं चमकतं. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून बघावा. अनंताची जागा एकदा सापडली की रिंगवर पांढऱ्या रंगाचा ठिपका किंवा टेपची चिंधी लावून टाका.

ढगाळ सकाळी एफ/११, १/२५०, आयएसओ ८०० ही सुरुवात ठीक. शटर यापेक्षा मंद नको, कारण वारा. १:६.५ ला फूल सेकंदाला दोन सेंमी सरकलं तर २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर १/२५० मध्ये दोन पिक्सेल पसरतं, दहा सेंमी सरकलं तर दहा पिक्सेल. पहिलं चालतं, दुसरं नाही. कोकणातला वारा झुळकांनी येतो. दोन झुळकांच्या मधे फूल उभं राहिलं की तेव्हाच बटण दाबा. आपल्या पाठीने वारा अडवणं जमतं, फक्त तिच्यामुळे फुलाचा उजेड जात नाही ना ते बघा.

पावसाळी आभाळ जमिनीपेक्षा दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उजळ असतं. ग्रॅज्युएटेड, म्हणजे वरून अर्धा काळा, फिल्टर इथे चालत नाही. फूल क्षितिज ओलांडून वर गेलेलं असतं, त्यामुळे फिल्टरचा काळा भाग फुलाचं डोकंच काळवंडवतो. आभाळासाठी दोन स्टॉप कमी असा वेगळा फोटो घ्या आणि नंतर जोडा. पोलरायझर ओल्या पानांवरची चकाकी मारायला फार उपयोगी, पण निळ्या आभाळात एवढ्या रुंद कोनावर आभाळाचा एक पट्टा गडद आणि बाकी फिकट होतो. ढग असतील तेव्हाच लावा, आणि बारीक कडेचाच घ्या.

हिस्टोग्राम (उजेडाच्या पातळ्यांचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगवेगळा लावा. सीतेची आसवं आणि कळलावी यांच्यात हाच घोटाळा होतो. एकूण हिस्टोग्राम मध्यावर छान बसलेला दिसतो आणि निळा किंवा लाल एकटा उजवीकडे जाऊन आपटलेला असतो. पाकळीतला पोत गेला की तो परत येत नाही. कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम जेपेगवरून बनतो, म्हणून पिक्चर प्रोफाइल न्यूट्रल ठेवलं तर तो रॉ फाइलच्या जास्त जवळ जातो. दिपकाडीच्या पांढऱ्या फुलांना एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप कमीच ठेवा. ही वनस्पती फक्त कोकणातलीच, आणि मोसमाच्या सुरुवातीलाच फुलते. ऑगस्टमध्ये गेंद-आसवांच्या वेळी ती शोधत बसू नका.

लेन्सला पावसापासून संरक्षण नाही. सील नाहीत, माउंटवर रबर नाही. खाऱ्या वाऱ्यात तासभर काढला की पुढच्या काचेवर मिठाचा पापुद्रा बसतो. तो कोरड्या फडक्याने घासला तर कोटिंगवर ओरखडे, म्हणून आधी गोड्या पाण्याने किंचित ओल्या मायक्रोफायबरने टिपून घ्या. काचेवरचा पावसाचा एक थेंब एफ/१६ ला फोटोत बोराएवढा डाग म्हणून येतो, दर दोन-तीन फोटोंनंतर काच बघाच. घरी आल्यावर बॅगेत बंद ठेवली तर बुरशी ठरलेली. ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या कपाटात किंवा सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा.

फोकस स्टॅक आणि त्याचे लफडे

फूल आणि क्षितिज दोन्ही कडक हवं असेल तर एका फोटोत ते जमत नाही. वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेले फोटो एकात जोडावे लागतात, तोच फोकस स्टॅक. एफ/११ ला फुल फ्रेमसाठी हिशोब असा: काचेपासून अंदाजे १०, १४, २३ आणि ७० सेंमी, असे चार फोकस. शेवटच्यात ३५ सेंमीपासून क्षितिजापर्यंत सगळं बसतं. हे चार टप्पे एकमेकांना जेमतेम टेकतात, म्हणून प्रत्यक्षात सहा फ्रेम घ्या, आणि त्यातल्या जास्त जवळच्या टोकाला. फोकस बदलला की चित्राचा आकारही थोडा बदलतो. चारी बाजूंनी दहाएक टक्के जागा सोडून फ्रेम लावा, नाहीतर जुळवताना कडा कापल्या जाऊन ठेवलेलं कंपोझिशनच जातं.

फोटोशॉपमध्ये सगळ्या फ्रेम एकावर एक लेअर म्हणून उघडायच्या, ऑटो अलाइन, मग ऑटो ब्लेंडमध्ये स्टॅक इमेजेस. पाच मिनिटांचं काम. त्यानंतरचा अर्धा तास दुरुस्तीचा.

पाकळीभोवती मऊ तेजोवलय येतं ते बहुतेकांना सॉफ्टवेअरचा दोष वाटतं. तसं नाही. समुद्रावर फोकस केलेल्या फ्रेममध्ये जवळचं फूल पसरट होऊन मूळ कडेच्या बाहेरपर्यंत समुद्रावर सांडलेलं असतं. म्हणजे पाकळीला अगदी लागून असलेला समुद्राचा पट्टा एकाही फ्रेममध्ये स्वच्छ नोंदला गेलेलाच नाही. सॉफ्टवेअर आणणार कुठून? फोकसचे टप्पे जवळजवळ घेतले की वलय बारीक होतं, पण जात नाही. उरलेलं क्लोन स्टॅम्पने, थोडं बाहेरचा समुद्र उचलून, कमी ओपॅसिटीने झाकावं लागतं. म्हणूनच वलय निघायला सोपं पडेल अशी पार्श्वभूमी निवडावी. फुलामागे सपाट आभाळ किंवा शांत पाणी असेल तर दहा मिनिटं. गवताचा झुपका असेल तर अख्खी संध्याकाळ.

लाटा प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या. ब्लेंड झाल्यावर अर्धी लाट एकीतली, अर्धी दुसरीतली असा प्रकार होतो. लेअर मास्कवर समुद्राचा सगळा भाग एकाच, दूरच्या फ्रेममधून पांढरा करून घ्या. गवताची डुलणारी पाती दुहेरी आली असतील तर तिथेही एकच फ्रेम ठेवा, मऊ राहिली तर राहू द्या.

रंग आणि बाकीची एडिटिंग

लेन्सचं नाव फाइलमध्ये नोंदलं जात नाही, त्यामुळे लाइटरूम किंवा डार्कटेबल आपणहून करेक्शन लावत नाही. हाताने लावावं लागतं. बॅरल डिस्टॉर्शन (सरळ रेषा बाहेर फुगणं) उघड दिसण्याइतकं आहे: क्षितिज मध्यापासून जितकं लांब, तितकं वाकडं. समुद्राच्या फोटोत ते लपत नाही. डिस्टॉर्शनचा स्लायडर पट्टीसारखं क्षितिज होईपर्यंत सरकवा, मग व्हिग्नेटिंग, म्हणजे काळवंडलेले कोपरे. हे स्टॅक करण्याआधी, सगळ्या फ्रेमना सारखंच. शिफ्ट वापरली असेल तर कुठलंच करेक्शन नीट बसत नाही, कारण विकृतीचा मध्य फ्रेमच्या मध्यावर उरलेला नसतो. शिफ्टचे फोटो त्यामुळे नाइलाजाने तसेच राहतात किंवा वॉर्पने हाताने सरळ करावे लागतात.

कडांना जांभळ्या-हिरव्या रेघा दिसल्या की हात डिफ्रिंजकडे, म्हणजे रंगीत कडा पुसणाऱ्या साधनाकडे, जातो. या विषयात ते घातक आहे. जांभळं डिफ्रिंज वाढवलं की आभाळावर आलेल्या सीतेच्या आसवांच्या कडा राखाडी होतात, कारण सॉफ्टवेअरला फुलाचा जांभळा आणि दोषाचा जांभळा यात फरक कळत नाही. आधी साधी क्रोमॅटिक अ‍ॅबरेशनची खूण लावून बघा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. भागलं नाही तर ब्रश घेऊन डिफ्रिंज फक्त कातळाच्या कडेवर, दूरच्या झाडांवर लावा.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर एकाच ताटव्याच्या दोन फोटोंत आसवं एकदा निळी, एकदा जांभळी दिसतात. ढगाळ हवेत ६००० ते ६५०० केल्विनला बांधून टाका, किंवा पहिल्या फोटोत राखाडी कार्ड ठेवा. तरीही निळेपणा उरला तर लाइटरूममध्ये निळ्याचा ह्यू (रंगछटा) उजवीकडे १० ते २० सरकवला की जांभळा जवळ येतो. पण त्याबरोबर आभाळ आणि समुद्रही जांभळट होतात. हा बदल मास्कच्या आत, पॉइंट कलरने फुलाचाच रंग उचलून करा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेलं ते साधन या एका कामासाठी सोन्यासारखं आहे.

हिरव्याचं तसंच. पावसाळी गवत रॉ फाइलमध्ये पिवळट येतं आणि पिवळ्याचा ह्यू हिरव्याकडे ढकलण्याचा मोह होतो. त्या फ्रेममध्ये कवल्याची पिवळीधमक फुलं असतील तर तीही कच्च्या लिंबासारखी होतात. गवताला वेगळा मास्क, नाहीतर पिवळ्याचं सॅच्युरेशन १०-१५ ने कमी करून सोडून द्या.

उरलेलं भरभर. आभाळासाठी सिलेक्ट स्काय मास्क लावला की फुलाचं वर गेलेलं टोक हमखास त्यात धरलं जातं, ब्रशने वजा करा. क्षितिजावरच्या धुरकट पट्ट्याला डीहेझ दहा-पंधराच्या वर नको. खारी हवा तिथे असतेच, पूर्ण काढली की फोटो उन्हाळ्यातला वाटतो आणि नॉइज उफाळतो. पाकळ्यांना क्लॅरिटीऐवजी टेक्स्चर. दिपकाडीच्या पाकळीचा सर्वात उजळ भाग आठ बिटच्या मापात २४०-२४५ च्या पुढे जाऊ देऊ नका. जमिनीच्या सावल्या उघडा, पण कातळ काळसर-तांबडाच राहू द्या. ओला जांभा तसाच असतो, त्याला उजळवून विटेचा रंग आणण्यात अर्थ नाही. वेबवर टाकण्याआधी एसआरजीबीचं सॉफ्ट प्रूफ, म्हणजे वेबच्या रंगमर्यादेत फोटो कसा दिसेल याची झलक, बघा. दाट जांभळा तिथे सपाट होत असेल तर सॅच्युरेशन थोडं खाली आणा, मग पाकळीतला पोत परत दिसतो.

कोणी घ्यावी

परदेशात ती पाचशे डॉलरच्या आसपास मिळते, इथे त्यावर कर आणि दुकानदाराचं मार्जिन. फुलं आणि जागा एकत्र दाखवणं हाच तुमचा विषय असेल, आणि एका फोटोवर तासभर घालवायची तयारी असेल, तर एवढ्या जवळ जाणारी एवढी वाइड लेन्स दुसरी शोधावी लागेल. सहलीत चालता चालता चार फुलं टिपणाऱ्याने घेऊ नये, कपाटात पडून राहील.

कॅननचा आरएफ माउंट असेल तर १६ मिमी एफ/२.८ आधी बघा. १६५ ग्रॅम वजन, १३ सेंमीवर फोकस, ०.२६ पट मॅग्निफिकेशन, शिवाय ऑटोफोकस. वर सांगितलेला ८ ते १५ सेंमीचा पट्टा तिच्या आवाक्यात बऱ्यापैकी येतो. सोनीची २० मिमी एफ/१.८ जी १९ सेंमीवर ऑटोफोकस करते, ०.२ पट. कोन कमी, पण कोपऱ्यांचा कडकपणा लाओवापेक्षा सरस आणि खाऱ्या तुषारांना जास्त तयार. आणि ज्यांचे फोटो मोबाइलवरच बघितले जाणार आहेत त्यांनी आयफोन १३ प्रो किंवा त्यापुढच्या प्रो मॉडेलची अल्ट्रावाइड लेन्स वापरून बघावी. ती दोन सेंमीवर फोकस होते, फोन गेंदाच्या उंचीला आरामात जातो आणि लहान सेन्सरमुळे मागचा समुद्र आपोआप ओळखीचा राहतो. मोठी प्रिंट काढायला घेतली की मात्र तिचं बिंग फुटतं.

वापरलेली लाओवा घेत असाल तर दुकानातच तीन गोष्टी बघा. शिफ्ट मध्यावर आणली की खटका बसून घट्ट राहते का. ढिली असेल तर क्षितिज प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी येईल. अ‍ॅपर्चर एफ/१६ ला ठेवून पुढून बघा, १४ पाती सारखी मिटली पाहिजेत आणि त्यांवर तेल नको. मग एफ/८ ला लांबच्या इमारतीच्या छपरावर फोकस करून तीच कड आधी डाव्या, मग उजव्या कोपऱ्यात आणून दोन फोटो काढा. एक कोपरा कडक आणि दुसरा मऊ आला तर आतलं भिंग सरकलेलं आहे. शिफ्ट शून्यावर आहे याची खात्री करूनच ही तपासणी करा, नाहीतर चांगली लेन्सही नापास होते.